दुर्बिणीत काहीच दिसलं नाही

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात, रॉयल पर्थ हॉस्पिटलच्या एका वॉर्डात १९८१च्या सुमारास चाळिशीतली एक बाई होती. सारखी मळमळ आणि पोटात कायमचं दुखणं, एवढीच तिची तक्रार. नेहमीच्या तपासण्या झाल्या, कशातच काही सापडलं नाही. मग अशा रुग्णांचं तेव्हा जे व्हायचं तेच तिचं झालं. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि नैराश्यावरचं औषध सुरू झालं.

त्यानंतर बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांच्या हाती एक यादी पडली. ती त्याच हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांनी केली होती. जठराच्या अस्तराचे जे तुकडे तपासायला येत, त्यांपैकी काहींवर वॉरन यांना वाकडे, ओळखू न येणारे जंतू दिसले होते. ते तुकडे ज्यांचे होते त्या रुग्णांची ही नावं. मार्शल यादी वाचत गेले आणि एका नावापाशी थांबले. ही तर त्यांच्याच वॉर्डातली बाई!

त्या जंतूला पुढे १९८९ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं आणि २००५ साली वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक. जगभर ही हकीकत अल्सरची म्हणून सांगितली जाते, आणि अल्सरच्या बाबतीत ती खरीच आहे. पण तिच्या पहिल्याच पानावर त्या बाईसारखी माणसं आहेत: ज्यांच्या पोटात व्रण नाही, गाठ नाही, तरी जेवणाचं ताट समोर आलं की पोटात गोळा येतो. अल्सरवाल्यांना दहा-बारा वर्षांत न्याय मिळाला. नुसत्या अपचनवाल्यांचा हिशेब मात्र कितीतरी लांबला.

अपचनाला मराठीत शब्दांची वाण नाही. पोट गच्च होतं, करपट ढेकरा येतात, छातीच्या खाली जळजळतं, दोन घासांतच पोट भरतं, पित्त उसळतं. डॉक्टर या सगळ्याला मिळून डिस्पेप्सिया म्हणतात. आपल्याकडे माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे हे दुखणं वेगळं ओळखण्याची रीत जुनीच. युरोपातही मोठमोठी माणसं त्याने हैराण झाली; स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइल तर जन्मभर पोटाच्या नावाने कण्हत राहिले. उपायांची कमी नव्हती. १७८६ साली जिनिव्हाच्या लुई ओडिए या डॉक्टरांनी अपचनावर बिस्मथ या धातूची पांढरी भुकटी द्यायला सुरुवात केली. ती काहींना लागू पडे. का पडते, हे पुढची दोनशे वर्षं कुणालाच सांगता आलं नाही. या भुकटीकडे पुन्हा यावं लागणार आहे.

जंतू तर पर्थच्या कितीतरी आधी दिसायला लागला होता. १८९३ साली इटलीतल्या तुरिनमध्ये जूलिओ बित्सोत्सेरो यांनी कुत्र्याच्या जठरात मळसूत्रासारखे जंतू पाहिले आणि त्यांची चित्रं काढून ठेवली. तीन वर्षांनी ह्यूगो सालोमोन यांनी कुत्र्याच्या जठराचं अस्तर उंदरांना खाऊ घालून तेच जंतू उंदरांच्या पोटात वाढवून दाखवले. १८९९ साली पोलंडच्या क्राकुफमध्ये वालेरी यावोर्स्की यांना माणसाच्या जठरातल्या पाण्यात तसेच वळणदार जंतू सापडले, आणि पोटाच्या रोगात त्यांचा हात असावा असं त्यांनी सुचवलंही. १९४० साली बॉस्टनमध्ये स्टोन फ्रीडबर्ग आणि लुई बॅरन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली जठरं तपासली, तर पाचांतल्या जवळजवळ दोनांत ते होते. इतक्या वेळा, इतक्या ठिकाणी दिसूनही जंतूला कुणी थारा दिला नाही. याचं मोठं कारण होतं आम्ल.

जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड. अशा ठिकाणी जंतू जगेलच कसा, हा प्रश्न सरळ वाटतो. १९१० साली कार्ल श्वार्त्स यांनी आम्ल नसेल तर अल्सरही नाही असा सिद्धांत मांडला आणि जठराचं सगळं दुखणं आम्लाच्या खात्यावर जमा झालं. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली अल्सरचा पथ्याहार सांगितला: दर तासाला दूध आणि साय, अधूनमधून सोड्यासारख्या क्षारांची पूड. माणसं महिनोन्‌महिने दुधावर जगली. आपल्या घराघरांत पित्त झालं की थंड दूध पी म्हणतात, तो सल्ला आणि सिपींचा पथ्याहार एकाच समजुतीवर उभे आहेत: दुखणं म्हणजे आम्ल, आणि आम्ल विझवलं की झालं.

जंतूच्या शोधावर पाणी ओतलं ते मात्र एका प्रामाणिक माणसाने. अमेरिकन लष्करातले डॉक्टर एडी पामर यांनी १९५४ साली अकराशेहून अधिक रुग्णांच्या जठरांचे तुकडे तपासून जाहीर केलं की तिथे जंतू राहत नाहीत. पूर्वीच्यांनी पाहिले ते मेल्यानंतर शिरलेले किंवा तोंडातून आलेले असावेत. त्यांनी वापरला तो नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग. त्या रंगात हे बारीक जंतू सहसा डोळ्यांत भरत नाहीत. चांदीच्या क्षाराने रंगवले तर काळेभोर उठून दिसतात. रंगाची निवड चुकली आणि पंचवीस वर्षं गेली.

त्या काळात खुणा पुढ्यात येत राहिल्या, हे वाचताना आजही जीव हळहळतो. जठरात युरिएज नावाचं विकर असतं आणि ते युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतं, हे १९२४ पासून माहीत होतं. पण ते जठराचं स्वतःचंच, असं सगळे धरून चालले. १९५०च्या दशकात ब्रसेल्सच्या चार्ल्स लीबर यांनी रुग्णांना प्रतिजैविकं दिली तर तो अमोनिया नाहीसा झाला. विकर माणसाचं नव्हतंच, जंतूचं होतं! या युरिएजमुळेच हा जंतू आपल्याभोवती अमोनियाचं कवच करतो, आम्लातून वाट काढतो आणि शेपट्यांच्या बळावर मळसूत्रासारखा फिरत अस्तरावरच्या चिकट थरात घुसून राहतो. उत्तर हातात होतं, पण ते अल्सरच्या प्रश्नाला कुणी लावून पाहिलं नाही.

तोवर पोटाचं खापर मनावर फुटू लागलं होतं. फ्रान्झ अलेक्झांडर यांच्यासारख्या मनोविश्लेषकांनी अल्सरला मनोकायिक रोगांच्या यादीत बसवलं. १९५८ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड संस्थेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या खुर्च्यांवर बांधल्या. जोडीतल्या एका माकडाला कळ दाबून दोघांना बसणारा विजेचा झटका टाळता येई, दुसऱ्याच्या हाती काहीच नसे. कळ सांभाळणारी माकडं अल्सरने मेली आणि 'जबाबदारीच्या ताणाने अल्सर होतो' हे चित्र जगभर पोचलं. नंतर लक्षात आलं की कळ पटकन शिकणारी माकडंच त्या खुर्चीवर बसवली होती, चिठ्ठ्या टाकून नव्हे. प्रयोग पायातच लंगडा होता. पण तोवर दवाखान्यांत भाषा बदलून गेली होती. ताण कमी करा, फार विचार करू नका, स्वभाव बदला. ज्याचं पोट दुखतं त्यालाच दोषी ठरवणारी ही भाषा, आणि तिचा सगळ्यात जास्त मार बसला तो ज्यांच्या तपासणीत काही निघत नव्हतं त्यांना. अल्सरवाल्याकडे दाखवायला क्ष-किरणांचा फोटो तरी होता.

ग्रीसमधल्या मिसोलाँगी या गावात जॉन लिकूडिस नावाचे साधे डॉक्टर होते. १९५८ साली आपलंच पोट बिघडल्यावर त्यांनी प्रतिजैविकं घेतली आणि त्यांचा जुना अल्सर शांत झाला. मग त्यांनी औषधांचं मिश्रण तयार केलं, पेटंट मिळवलं, हजारो रुग्णांना दिलं. अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, ग्रीक अधिकाऱ्यांनी चार हजार द्राख्मांचा दंड केला. त्यांच्याकडे सुरेख नियंत्रित चाचणी नव्हती हे खरं. पण बरे झालेले रुग्ण दाराशी होते आणि त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. १९८० साली लिकूडिस वारले, पर्थची बातमी फुटण्याच्या तीन वर्षं आधी.

पर्थमध्ये काय झालं ते आता बहुतेकांना ठाऊक असतं, तरी दोन गोष्टी पुन्हा सांगण्यासारख्या आहेत. वॉरन यांना हे जंतू पहिल्यांदा दिसले ते ११ जून १९७९ रोजी, त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. सहकाऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी चांदीचा रंग मागवला आणि जंतू लख्ख दिसले. पण दोन वर्षं ते जवळजवळ एकटेच होते; धीर द्यायला होत्या त्यांच्या पत्नी विन, त्याही डॉक्टरच. मार्शल आले तेव्हा तुकडे पाठवणारा, रुग्णांशी बोलणारा माणूस त्यांना मिळाला. दोघांनी मिळून शंभर रुग्णांचा अभ्यास १९८२ साली हाती घेतला.

जंतू मात्र प्रयोगशाळेत वाढेना. तीसहून अधिक रुग्णांचे नमुने तबकड्यांवर लावून झाले, दोन दिवसांत काही उगवलं नाही की तबकडी टाकून द्यायची, हा नेहमीचा नियम. त्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, प्रयोगशाळेवर दुसऱ्याच एका साथीचं काम होतं आणि काही तबकड्या तशाच उबदार पेटीत राहून गेल्या. सुट्टी संपल्यावर पाहतात तो जंतूंच्या वसाहती उगवल्या होत्या! या जंतूला दोन दिवस पुरत नाहीत, पाच-सहा लागतात, एवढंच ते गुपित. अभ्यासातल्या ड्युओडिनल, म्हणजे जठरापुढच्या आतड्यातल्या, अल्सरच्या तेराच्या तेरा रुग्णांत जंतू निघाला. आणि जठराच्या अस्तराला सूज असलेल्या जवळपास सगळ्यांत, मग अल्सर असो वा नसो.

१९८३ साली ऑस्ट्रेलियाच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेकडे परिषदेसाठी ६७ निबंध आले. त्यांतले ५६ घेतले गेले. मार्शल यांचा राहिलेल्यांत होता. त्याच वर्षी ब्रसेल्सला जंतुशास्त्रज्ञांच्या बैठकीत मात्र त्यांचं मनापासून स्वागत झालं, आणि १९८४च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'ने शंभर रुग्णांचा तो अभ्यास छापला.

मग मार्शल यांनी स्वतःवर केलेला तो प्रसिद्ध प्रयोग. प्राण्यांत संसर्ग जमेना, तेव्हा १९८४ साली त्यांनी एका रुग्णाच्या जठरातले वाढवलेले जंतू मांसरसासारख्या द्रवात कालवून एका घोटात पिऊन टाकले. ज्या रुग्णाचे जंतू होते तो अल्सरचा नव्हता, अपचनाचा होता. आणि मार्शल यांनाही अल्सर झालाच नाही! सुमारे पाच दिवसांनी सकाळी उठल्यावर मळमळ, उलट्या, पोट फुगणं, तोंडाला वास. उलटीत आम्लाचा मागमूस नव्हता. दहाव्या दिवशी दुर्बीण घातली, तर निरोगी असलेल्या जठराला सडकून सूज आलेली आणि तिथे जंतूच जंतू. पत्नीने आग्रह धरल्यावर त्यांनी टिनिडॅझोल घेतलं. जुलाबावर म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या औषधांच्या डब्यात सापडणारी ती गोळी.

जगाने या प्रयोगातून अल्सरचा पुरावा घेतला. खरं पाहता सिद्ध झालं ते एवढंच की धडधाकट माणसाच्या पोटात हा जंतू गेला तर त्याचं पोट बिघडतं आणि अस्तराला सूज येते. त्या वॉर्डातल्या बाईच्या दुखण्याशी मार्शल यांचे ते दोन आठवडे कितीतरी अधिक जुळतात.

औषधाच्या बाजूने ओडिए यांची भुकटी परत आली. बिस्मथच्या द्रवाने अल्सर भरतो आणि आम्ल रोखणाऱ्या गोळ्यांपेक्षा तो उशिरा उलटतो, असं काही डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मार्शल यांनी जंतूंच्या तबकडीवर बिस्मथ ठेवून पाहिलं, तर त्याच्याभोवती जंतू मेले. दोन शतकं अपचनावर दिलेली भुकटी जंतुनाशक निघाली. पण एकटी ती पुरेशी नव्हती. जंतू दबे आणि पुन्हा वर येई. शिवाय तिचा अतिरेक घातक होता. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये बद्धकोष्ठासारख्या साध्या तक्रारींवर बिस्मथ महिनोन्‌महिने खाल्लेल्या शेकडो लोकांच्या मेंदूवर परिणाम झाला. त्यामुळे थोडे दिवस आणि सोबत प्रतिजैविकं, हाच मार्ग उरला. सिडनीच्या थॉमस बोरोडी यांनी १९८७च्या सुमारास बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल असं तिहेरी औषध रूढ केलं. १९८८ साली मार्शल यांनी बिस्मथ आणि टिनिडॅझोलची चाचणी छापली: जंतू गेला त्यांच्यापैकी २१ टक्क्यांचा अल्सर वर्षभरात उलटला, जंतू राहिला त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांचा.

त्याच वर्षी जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं. १९७६ साली बाजारात आलेलं सिमेटिडिन हे आम्ल रोखणारं औषध त्यांच्या कामाचं फळ. मागून १९८१ साली रॅनिटिडिन आलं आणि जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांत जाऊन बसलं. ही औषधं नुसती धंद्याची होती असं म्हणणं अन्याय्य ठरेल. रक्तस्राव होणारे, जठर कापून काढावं लागणारे असंख्य लोक त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून परत आणले. पण गोळी बंद केली की अल्सर परत येई, म्हणून ती जन्मभर घ्यायची. पंधरा दिवसांत संपणाऱ्या उपचाराचा त्या बाजाराला उपयोग नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये तज्ज्ञांची बैठक बोलावून जंतू असलेल्या प्रत्येक अल्सरवाल्याला प्रतिजैविकं द्या असं सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं.

आणि व्रण नसलेल्यांचं काय? १९९४च्या त्या निवेदनात त्यांच्याविषयीही एक वाक्य आहे: त्यांना उपचाराचा फायदा होतो की नाही, हे अजून ठरायचं आहे.

ते ठरवण्याचा प्रयत्न डिसेंबर १९९८ मध्ये छापून आला, तोही चमत्कारिक रीतीने. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन चाचण्या शेजारीशेजारी होत्या. ग्लासगोच्या केनेथ मॅकॉल यांच्या गटाने अपचनाच्या, पण अल्सर नसलेल्या जंतुबाधित रुग्णांना दोन आठवडे प्रतिजैविकं आणि आम्लरोधक दिलं. दुसऱ्या गटाला नुसतं आम्लरोधक. वर्षभरानंतर पहिल्या गटातल्या १५४ पैकी ३३ जणांचा त्रास मिटला होता, दुसऱ्यातल्या १५४ पैकी ११ जणांचा. तीनपट फरक! दुसरी चाचणी अनेक देशांतली. तिच्यात प्रतिजैविकं घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के बरे झाले, न घेतलेल्यांपैकी २०.७ टक्के, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असा तिचा निष्कर्ष. एक म्हणते उपयोग होतो, दुसरी म्हणते सिद्ध होत नाही.

पुढच्या वर्षांत अशा डझनभराहून अधिक चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या आणि चित्र स्थिर झालं. फायदा आहे, पण थोडा. अपचनाच्या साधारण चौदा जंतुबाधित रुग्णांना उपचार दिला तर त्यांतल्या एकाचं दुखणं जंतू गेल्यामुळे थांबतं. बाकीच्यांपैकी काही आपोआप बरे होतात, पुष्कळांचं पोट पूर्वीसारखंच राहतं. हा आकडा ऐकून पुष्कळ डॉक्टर हात झटकतात, ते पटण्यासारखं नाही. या दुखण्यावरची दुसरी बहुतेक औषधंही याहून फार पुढे गेलेली नाहीत. आणि ही दोन आठवड्यांची गोष्ट, जन्माची गोळी नव्हे. शिवाय उद्याचा अल्सर टळतो तो वेगळाच. पण रुग्णाला हे चौदातलं एक आधी सांगायला हवं. जंतू सापडला, आता सगळं बरं होणार, असं म्हणून औषध दिलं आणि महिन्याभराने पोट पुन्हा फुगलं, की माणूस दुसऱ्यांदा फसवल्यासारखा खचतो.

भारतात हा प्रश्न आणखी अवघड, कारण इथे जंतू लहानपणीच पोटात शिरतो. दाटीची घरं, पाणी, एका ताटातलं जेवण. आईकडून मुलाला, भावाकडून भावाला. मोठेपणी निम्म्याहून अधिक लोकांत तो असतोच, आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. इथल्या अल्सरचा नकाशाही सरळ नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात शस्त्रक्रिया करणारे फ्रँक टोवी आणि रेल्वेतले डॉक्टर एस. एल. मल्होत्रा या दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलं की दक्षिणेतल्या भात खाणाऱ्यांत ड्युओडिनल अल्सर भरपूर, तर पंजाबकडच्या कोंड्यासकट गव्हाची पोळी खाणाऱ्यांत कमी. जंतू पुढे मोजला गेला तेव्हा तो उत्तरेत नि दक्षिणेत सारखाच भरलेला निघाला. नुसत्या जंतूने सगळं सांगता येत नाही, ही टोवी यांची जन्मभराची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होतं. जठराचा कर्करोगही इतका जंतू असून भारतात जपान-चीनच्या मानाने बराच कमी. अन्न, जंतूचे वाण आणि माणसाची प्रकृती यांचं हे त्रैराशिक अजून पूर्ण सुटलेलं नाही.

हा सोबती किती जुना? २००७ साली जगभरातल्या जंतूंची जनुकं ताडून पाहिल्यावर दिसलं की माणूस सुमारे अठ्ठावन्न हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघाला तेव्हाच तो पोटात होता. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातूनही तो मिळाला, आणि त्याची जनुकं आजच्या युरोपातल्या जंतूंपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या जंतूंना अधिक जवळची निघाली. आल्प्समधल्या त्या शिकाऱ्याच्या पोटातल्या जंतूचे जवळचे भाऊबंद आज भारतात जेवायला बसतात.

इतक्या जुन्या पाहुण्याला घालवायचं, तर तो सहज जात नाही. मेट्रोनिडॅझोल आणि टिनिडॅझोल भारतात जुलाबावर, आवेवर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली, बरेचदा चिठ्ठीशिवाय, दोनच गोळ्या आणि मग बंद. जंतूने तो धडा नीट गिरवला. २००३ साली भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून तपासलेल्या जंतूंपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक मेट्रोनिडॅझोलला दाद देत नव्हते. सर्दी-खोकल्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिनचीही धार बोथट होत गेली, आणि नव्वदच्या दशकात आठवड्याभरात काम करणारं तिहेरी औषध ठिकठिकाणी निकामी ठरू लागलं.

तपासणीतही घोळ होतो. रक्तातली तपासणी स्वस्त, म्हणून ती होते. पण जंतू आज आहे की कधीकाळी होता, हे ती सांगू शकत नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी ते सांगते. श्वासाच्या तपासणीत रुग्ण खास कार्बन असलेला युरिया पितो आणि अर्ध्या तासाने पिशवीत फुंकतो. जंतूच्या युरिएजने तो फोडला असेल तर तोच कार्बन श्वासातून बाहेर येतो. १९२४ साली ज्या विकराला जठराचं समजले, त्यावरच ही सगळी तपासणी उभी आहे. आम्ल रोखणारी गोळी मात्र त्याआधी दोन आठवडे बंद करावी लागते, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. पित्ताची गोळी रोज सकाळी घेणाऱ्या माणसाला हे दोन आठवडे जड जातात. आणि ही अट त्याला आधी सांगितली नाही, तर चुकीचा अहवाल हातात पडतो.

जपानने २०१३ साली जंतूमुळे आलेल्या जठराच्या सुजेवरचा उपचार सरकारी विम्यात घेतला. अल्सर असो वा नसो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली नवी मार्गदर्शक सूचना काढली, आणि औषधांना जंतू किती दाद देतो हे माहीत नसेल तर पहिली पसंती दिली ती चौदा दिवसांच्या चौपदरी उपचाराला: आम्लरोधक, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि बिस्मथ. बोरोडींचं जुनं तिहेरी औषध, वर एक गोळी. मेट्रोनिडॅझोल इथे पुरेशा मात्रेत आणि बिस्मथच्या जोडीने दिलं की हट्टी जंतूही बरेचदा नमतात. दिवसाला डझनभर गोळ्या, तोंडाला धातूची चव, जीभ आणि शौच काळं. काळं शौच पाहून माणूस घाबरून औषध अर्ध्यावर सोडतो, म्हणून चांगले डॉक्टर ते पहिल्याच दिवशी बजावतात.

उपचारानंतरचा नियम २०१४ साली क्योटोमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी घालून दिला. त्यांनी जंतूमुळे येणाऱ्या जठराच्या सुजेला त्रास असो वा नसो, संसर्गजन्य रोग म्हटलं. अपचनाविषयी त्यांनी सांगितलं की जंतू गेल्याची खात्री करून घ्या आणि मग सहा महिने ते वर्षभर थांबा. एवढ्या काळाने त्रास गेलेलाच राहिला, तर दुखणं जंतूचंच होतं. परत आला, तर ते वेगळ्या जातीचं अपचन. त्याचा विचार वेगळा करायचा. हा निवाडा ना दुर्बीण देते, ना श्वासाची पिशवी. सहा महिन्यांनी रुग्ण खुर्चीत बसतो, डॉक्टर विचारतात, हल्ली जेवण झाल्यावर कसं वाटतं, आणि तो जे सांगतो तेच त्या कागदावर निदान म्हणून लिहिलं जातं.